शेवटच्या गाण्यातलं गेट्टीमेळम

सीड्यांची खोकी दारात उतरली आणि मी लग्नाची बाकीची सगळी कामं बाजूला टाकून आधी खोकंच फोडलं. लग्न माझ्या मुलीचं, सहानाचं, महिन्यावर आलं होतं. तांबूलाच्या पिशवीत नारळ आणि पानसुपारीबरोबर प्रत्येक पाहुण्याला एक सीडी द्यायची, ही कल्पना माझी. माझ्या कल्पना मला फार आवडतात. घरातल्या इतरांना त्या आवडायला थोडा वेळ लागतो.

सीडीवर गाणं अम्मांचं होतं. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, सरोजाबाई. मी सांगलीची. लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा वर्षभर मला वाटायचं की या घरातली माणसं बोलत नाहीत, पोथी वाचताहेत. तंजावूरचे मराठी हे लोक. मराठ्यांच्या राज्याबरोबर तिकडे गेले आणि राज्य गेल्यावरही तिथेच राहिले. त्यांची मराठी जुनीपुराणी, आणि त्यात मधूनमधून तमिळ. मला त्यांच्या बोलण्याचं हसू यायचं, त्यांना माझ्या. पुढे दोन्ही बाजूंनी हसणं सोडून दिलं.

या लोकांच्या लग्नात प्रत्येक विधीला बायकांचं एक मराठी गाणं असतं. हळद लावताना वेगळं, वधूवरांना झोपाळ्यावर बसवताना वेगळं, मुलगी सासरी निघताना वेगळं. ही सगळी गाणी पाठ असलेली बाई आमच्या ओळखीत एकच उरली होती, आणि ती म्हणजे अम्मा. कुठल्याही घरी लग्न ठरलं की हॉलच्या आधी लोक अम्मांची तारीख विचारायचे. आताच्या मुली घरात तमिळ बोलतात आणि ऑफिसात इंग्रजी, त्यांना ही गाणी कुठून येणार? म्हणून मीच पिच्छा पुरवला आणि अम्मांना वडपळनीच्या एका स्टुडिओत नेऊन गाणी रेकॉर्ड करून घेतली. साथीला त्यांच्या ओळखीचे नादस्वरवाले आणि तविलवाले होते, म्हणजे आपल्याकडचे सनईवाले आणि ढोलवाले. बरं झालं नेलं, कारण थोड्याच दिवसांत अम्मांचा आवाज बसला तो बसलाच. घशाचे डॉक्टर म्हणाले, बोला हळू, गाण्याचं मात्र आता विसरा. म्हणजे सहानाच्या लग्नात अम्मा गाणार नव्हत्या. त्यांचं जे काही गाणं होतं ते या सीडीत होतं, आणि ते नीट असायलाच हवं होतं.

मी सीडी लावली ती थेट शेवटच्या गाण्यावर. पाठवणीचं गाणं. सहाना निघेल तेव्हा हेच लावायचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ‘हळू टाकीं पाऊल गे बाळे, मागें नको पाहूं’ असं त्याचं धृपद. अम्मांचा आवाज असा लागला होता की मी उभी होते ती खाली बसले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात अम्मांनी ‘हळू टाकीं पाऊल गे’ म्हटलं आणि पुढचा शब्द यायच्या आत तविल जे धडाधडा वाजायला लागलं, त्याच्या मागोमाग नादस्वर, ते शेवटपर्यंत. गाणं संपलं असावं. ऐकू मात्र काही आलं नाही.

इथल्या लग्नात मंगळसूत्र बांधताना जो दणका उडवतात, तेच हे वाजवणं. त्याला गेट्टीमेळम म्हणतात. सीडीवर मंगळसूत्राचं चौथं गाणं होतं, तिथे ते होतंही. पण पाठवणीच्या गाण्यात ते कशाला? मी दुसरी सीडी लावली. तिसरी. तळातल्या खोक्यातली काढून लावली. सगळीकडे तेच. मग माझ्या ध्यानात आलं, म्हणजे मला तसं वाटलं, की कारखान्यात सीडी छापताना चौथ्या गाण्याचा तुकडा उचलून शेवटच्यात घुसडला गेलाय. माझं डोकं फिरलं.

अम्मा दाराशी येऊन उभ्या होत्या.

“परवाइल्ल, हेमा,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. म्हणजे असू दे, काही बिघडत नाही. “कशास त्रास घेतेस? एवढीं गाणीं बरीं आलीं की नाहीं?”

“असू दे कसं अम्मा? तुमचं हेच गाणं तर हवं होतं मला.”

अम्मा आत गेल्या. मला त्यांचा रागच आला. आयुष्यभर या बाईनं ‘परवाइल्ल’ म्हणत सगळं चालवून घेतलं, आता निदान स्वतःच्या गाण्यासाठी तरी भांडावं की नाही? पण त्यांच्या वाटचं भांडायला मी होते.

सीड्या छापणारा कारखाना श्रीपेरुंबुदूरकडे होता. कार आणि टीव्ही बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांच्या गर्दीत ही एक मधल्या आकाराची कंपनी. फोन लावला तो तीन ठिकाणी फिरून शेवटी राममूर्ती नावाच्या गृहस्थांकडे पोचला. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ते बघत. मी तमिळमध्ये सुरुवात केली, रागाच्या भरात मराठीत गेले, आणि मग दोघांनीही इंग्रजी धरली.

“मॅडम, सीडी उलटी करा,” ते म्हणाले. “मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरात नंबर आहे. तेवढा वाचून दाखवा.”

“मी गाण्याबद्दल बोलतेय, तुम्ही भोकाबद्दल बोलताय.”

“त्याच नंबरावरून मला कळेल मॅडम, कुठल्या साच्यातून निघाली ते.”

मी चष्मा शोधला, खिडकीशी गेले, सीडी उन्हात तिरकी धरून नंबर वाचला. त्यांनी तो शांतपणे लिहून घेतला, तपासून सांगतो म्हणाले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस मला लग्न होईपर्यंत तंगवणार. म्हणून मी रोज फोन करायला लागले. ते रोज उचलत. एकदा मी त्यांना सांगितलं, की तुमच्या यंत्रानं एका म्हाताऱ्या बाईचं शेवटचं गाणं खाल्लंय, आता ती पुन्हा गाऊ शकत नाही, याची तुम्हाला काही चाड आहे का? मग ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही इकडे या. आपण दोघं बसून ऐकू.”

माझा नवरा वादिराज म्हणाला, “जाऊ नकोस, हेमा. एवढं एक गाणं नसलं तर नसलं.” त्याचा स्वभाव अम्मांवर गेलाय. मी टॅक्सी केली आणि गेले.

राममूर्ती माझ्याच वयाचे निघाले. कपाळावर गंधाची रेघ, पायात कारखान्याचे पांढरे बूट. मी भांडण घरूनच तयार करून नेलं होतं, पण त्यांनी आधी ताक दिलं. मग काचेतून कारखाना दाखवला. आत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं, आणि एका यंत्रातून एकामागून एक चकचकीत चकत्या पडताहेत. धुळीचा एक कण चालत नाही म्हणाले. मी म्हटलं, धूळ चालत नाही आणि अख्खं तविल चालतं का? ते हसले नाहीत. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

त्यांच्याकडे गाणी तपासून बघायची एक छोटी खोली होती, भिंतींना जाड कापड लावलेलं. तिथे त्यांनी एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. स्टुडिओनं त्यांना दिलेली मूळ सीडी, जिच्यावरून साचा काढतात. पाकिटावर स्टुडिओच्या इंजिनिअरची सही होती, मी ती ओळखली. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं, सीडी लावली, शेवटचं गाणं सुरू केलं आणि स्वतः हात जोडून बसले.

पहिलं कडवं. दुसरं. ‘हळू टाकीं पाऊल गे’, आणि धडाधडा तेच तविल. अगदी त्याच जागी.

“आमच्याकडे हे असंच आलं, मॅडम,” राममूर्ती म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर शोधायचा मी प्रयत्न केला, पण तो नव्हता. “आलं ते आम्ही छापलं. आम्हाला वाटलं, तुमच्या लोकांत पाठवणीलाही गेट्टीमेळम वाजवत असतील.”

“आमच्यात तसं काही नाही.”

“मग स्टुडिओला विचारा. तिथे प्रत्येकाचा माइक वेगळा असतो. तविल बाजूला काढून नुसता आवाज मिळेल. तो आणून द्या, आम्ही पुन्हा छापू. लग्नाच्या आत.”

इतके दिवस ज्याच्यावर तोंडाचा पट्टा चालवला त्या माणसानं मला दारापर्यंत येऊन टॅक्सीत बसवलं. मला माफी मागायची होती. पण मला माफी पटकन मागता येत नाही, म्हणून मी ताक छान होतं म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मी वडपळनीला गेले. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिथे मी शेवटपर्यंत थांबले नव्हते; शेवटच्या गाण्याआधी स्वयंपाक्याशी बोलायला जावं लागलं होतं. पुढे इंजिनिअरनं सगळी गाणी जुळवून तयार केली, ती ऐकून पसंत करायला अम्माच गेल्या होत्या, वादिराजबरोबर. वादिराज बाहेर पेपर वाचत बसला. अम्मांनी हेडफोन कानाला लावून सगळं ऐकलं आणि ‘सरी’ म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. हे सगळं मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ मात्र मी लावला नव्हता.

इंजिनिअर तरुण होता, तमिळ. तो म्हणाला, “मॅडम, मी तेव्हाच विचारलं होतं, हे तविल इथे काढू का? पाट्टी म्हणाल्या, नको, आमच्या मराठी लोकांत असंच असतं.” पाट्टी म्हणजे आजी.

“असं म्हणाल्या?”

“हो. दोनदा म्हणाल्या.”

मी त्याला म्हटलं, नुसता त्यांचा आवाज लाव. त्यानं काहीतरी सरकवलं, काहीतरी बंद केलं, आणि त्या लहानशा खोलीत साथीशिवायचा अम्मांचा आवाज आला. तो इतका एकटा वाटला की मी पर्स मांडीवर घट्ट धरली.

आता एक सांगायला हवं. या पाठवणीच्या गाण्यात ‘बाळे’ हा शब्द एरवी नसतोच. त्या जागी ज्या मुलीचं लग्न असेल तिचं नाव घ्यायचं असतं. अम्मा कुठल्याही लग्नात गेल्या की आधी मुलीचं नाव विचारून घेत, दोनतीनदा पुटपुटून ते चालीत बसवत. जागा रिकामी ठेवून ते गाणं म्हणता येत नाही. सीडी कुठल्याही लग्नात लावता यावी म्हणून तिथे ‘बाळे’ म्हणायचं, हे मीच सुचवलं होतं. अम्मांनी तेव्हा मान हलवली होती.

पहिल्या कडव्यात त्या ‘बाळे’ म्हणाल्या. दुसऱ्यातही. तिसऱ्यात त्यांचा आवाज जरा खाली आला आणि त्या म्हणाल्या, ‘हळू टाकीं पाऊल गे कृष्णवेणी.’

त्यानंतर गाणं नव्हतं. त्यानंतर अम्मा रडत होत्या. हुंदका आवरण्याचा प्रयत्न, तो न जमणं, मग पुन्हा तेच नाव, आणि मग मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता रडावं तसं. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं रडताना ऐकलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हासुद्धा नाही.

गेट्टीमेळम कशासाठी वाजवतात हे मला काय ठाऊक नव्हतं? शुभ घटकेला कोणाची शिंक, कोणाचा वाईट शब्द, कोणाचं रडणं कानावर पडू नये म्हणून वाजवतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी तविलवाले म्हातारे गृहस्थ पलीकडच्या काचेच्या खोलीत बसले होते. हजार लग्नं वाजवलेला माणूस. लग्नाचं गाणं चाललंय आणि बाई रडायला लागली, हे दिसल्यावर त्यांच्या हातांनी जे करायचं तेच केलं. नादस्वरवाल्यांनी त्यांना साथ दिली. अम्मांना दोघांनी मिळून झाकलं.

इंजिनिअर खाली बघत होता. “मॅडम, बंद करू?” त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. ते संपेपर्यंत मी बसून राहिले.

कृष्णवेणी माझी नणंद. मी या घरात आले तेव्हा ती कॉलेजात होती. माझ्या सांगलीच्या बोलण्याची नक्कल करणारी, माझी वेणी घालून देणारी. पुढे तिनं तिच्याबरोबर शिकणाऱ्या, कोवलमच्या मच्छीमाराच्या घरातल्या मुलाशी कचेरीत जाऊन लग्न केलं. मामंजी, तुळजाजी, तसे बोलायला सौम्य होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. संध्याकाळच्या जेवणाला बसल्यावर एवढंच म्हणाले, की या घरात आता ते नाव नको. आणि ते नाव नाहीसं झालं. वादिराजनं घेतलं नाही, अम्मांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही, मी तर परकी. मामंजी गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तोवर सगळ्यांना सवय झाली होती. समाजातल्या प्रत्येक मुलीला अम्मांनी गाऊन पाठवलं. स्वतःची मुलगी मात्र हाक न ऐकताच गेली.

घरी आले तेव्हा अम्मा बाल्कनीत फुलं ओवत होत्या. आम्ही पेरुंगुडीला नव्या इमारतीत राहायला आलो होतो, समोर सगळी काचेची ऑफिसं. मी त्यांच्यासमोर खाली बसले. मी नेहमीसारखं सरळ बोलले.

“अम्मा, मी ऐकलं.”

त्यांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“ज्यानें तविल वाजविलें तो भला माणूस,” त्या कुजबुजल्या. “मी रडूं लागलें, त्यानें माझी लाज राखिली. मला वाटलें, देवानेंच झांकिलें. म्हणून तसेंच राहूं दे म्हटलें.”

“मी त्या कारखान्याशी इतकी भांडले, तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“तूं ओरडत होतीस तेंही बरेंच होतें. तेवढ्या ओरडण्यांत मज कोणी कांहीं विचारिलें नाहीं.”

हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, टोमणा नव्हता. पण मला ते लागलं. मी अम्मांसाठी भांडतेय असं समजत होते, आणि इतके दिवस माझंही नुसतं वाजवणंच चाललं होतं.

संध्याकाळी वादिराज आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पायातले मोजे न काढता बसला. मग म्हणाला, “इंजिनिअरला सांग, तिसरं कडवं कापून टाक. दोन कडवी पुरेत.” हे खरं तर शहाणपणाचं होतं. मलाही तेच सुचलं होतं. दोन कडव्यांचं स्वच्छ गाणं मिळालं असतं, लग्नात लावता आलं असतं, कोणाला काही कळलं नसतं.

“नको,” अम्मा म्हणाल्या.

“अम्मा, मग काय करायचं? शुभकार्यात लोकांच्या हातात रडणं द्यायचं?”

“तें वाजविणें काढ. माझें राहूं दे.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक पुष्कळ वर्षें कांहीं म्हणाले नाहींत, वादिराजा. त्यानें काय झालें?” एवढं बोलल्यानं त्यांना खोकला आला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, “ज्या गाण्यांत तिचें नांव आलें, तें गाणें कापूं नको. पुन्हां मज गातां येणार नाहीं.”

वादिराज उठला आणि आत गेला. त्याचा चेहरा मी बघितला नाही, बघायचा नव्हता. ती त्याची बहीण होती. तो तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत न्यायचा, हे मला कृष्णवेणीनंच सांगितलं होतं. थोड्या वेळानं तो बाहेर आला आणि म्हणाला, “तसंच छापून घे.”

स्टुडिओतून नवी मूळ सीडी करून मी श्रीपेरुंबुदूरला पाठवली. दोन दिवसांनी राममूर्तींचा फोन आला. या वेळी त्यांनी आपणहून केला होता आणि ते अडखळत होते.

“मॅडम, छापण्याआधी आमच्याकडे कामाला असलेली मुलगी एकदा ऐकते. तिनं यंत्र थांबवलंय. शेवटच्या गाण्यात कोणीतरी रडतंय म्हणते. मीही ऐकलं. चुकून दुसराच आवाज आला असेल तर...”

“चुकून नाही.”

“मॅडम, मंगलकार्याची सीडी आहे. आम्ही ते काढून देऊ शकतो. पुढे तुम्हीच म्हणाल, दोष राहिला.”

मी उत्तर द्यायच्या आत अम्मांनी माझ्या हातून फोन घेतला. डॉक्टरांनी फोनवर बोलायला बंदी केली होती. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात त्या तमिळमध्ये, धाकट्या भावाला म्हणावं तसं, म्हणाल्या, “तंबी, तो दोष नाही. ती माझी मुलगी आहे. राहू दे.” आणि फोन मला परत दिला.

पलीकडून राममूर्ती एवढंच म्हणाले, “सरी अम्मा.” मग मी एकदाची त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, आमच्या कामात लोक रोजच ओरडतात, तुम्ही निदान गाण्यासाठी ओरडलात.

नवी खोकी आली त्याच दिवशी अम्मांनी त्यातली एक सीडी काढली, सहानाच्या लग्नाची पत्रिका काढली, तिला हळदकुंकवाची बोटं लावली आणि मला म्हणाल्या, “चल.” कुठे ते मी विचारलं नाही. वादिराज म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, मी लग्नाच्या आधी एकदा येईन. त्याला एवढ्यात जमणार नव्हतं, पण येईन म्हणाला, हेच पुष्कळ झालं.

हे कोवलम केरळातलं नव्हे, मद्रासजवळचंच; पोचायला तासही लागला नाही. आणि इतक्या वर्षांत मीही कधी आले नव्हते. समुद्राकडच्या गल्लीत दुतर्फा जाळी वाळत टाकलेली, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका निघालेल्या. टीचरचं घर म्हटल्यावर एकीनं बोटानं दाखवलं. कृष्णवेणी गावातल्या शाळेत शिकवत होती, हे अम्मांना कुठूनतरी ठाऊक होतं. दार तिनंच उघडलं. केस पांढरे झाले होते. अम्मांसारखीच दिसायला लागली होती, इतकी की मी दचकले.

तिनं आम्हाला आत घेतलं. तिचा नवरा उठून उभा राहिला, अम्मांसाठी खुर्ची पंख्याखाली सरकवली आणि बोलणं आमचं आम्हाला करता यावं म्हणून बाहेर गेला. पाण्याचे पेले आले. पत्रिका कृष्णवेणीनं घेतली, वाचली, टेबलावर ठेवली. सहाना एवढी मोठी झाली, एवढंच म्हणाली. अम्मांनी सीडी पुढे केली.

“शेवटचें लाव,” त्या म्हणाल्या.

कपाटावर एक प्लेअर होता. तिनं सीडी घातली, शेवटचं गाणं लावलं आणि प्लेअरशीच उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. अम्मांचा जुना आवाज त्या खोलीत भरला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात तिचं नाव आलं तेव्हा तिची पाठ ताठ झाली. मग ते रडणं. ते ऐकायला फार लांब वाटतं. अम्मा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि त्यांची नजर मुलीच्या पाठीवर होती.

सीडी थांबली. कृष्णवेणी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. इतकी वर्षं तमिळ गावात राहून तिची मराठी तशीच होती, घरातली, जुनी.

“एवढ्या मोठ्यानें रडलीस, अम्मा,” ती म्हणाली. “मग इतक्या वर्षांत तुज इकडे यावयास एक बस मिळाली नाहीं?”

मी मध्ये पडणार होते. मामंजी होते, घरात तसं वातावरण होतं, अम्मांचं तेव्हा कोण ऐकत होतं, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तोंड उघडलंही होतं. अम्मांनी माझ्याकडे न बघता हात उचलला, आणि मी गप्प बसले.

“मिळत होती,” अम्मा म्हणाल्या. “मी आलें नाहीं.”

बाहेर काही जण होडी ओढत होते, त्यांचा हाकारा तेवढा येत होता. मग कृष्णवेणीचा चेहरा वाकडा झाला आणि ती मोठ्यानं रडायला लागली, शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं, आणि आम्ही तिला गप्प केलं नाही.